दिवसाला किती तास

"मुलाणी सर, त्या मशीनवरचं प्लास्टिक काढा आणि हार घाला," प्राचार्य दारातूनच म्हणाले. आयटीआयच्या कार्यशाळेत दस्तगीर मुलाणी गुडघ्यावर बसून लोखंड कातायच्या जुन्या लेथचा पट्टा बसवत होते. पाहुणे यायला तास उरला होता.

हार संगणकावर चालणाऱ्या नव्या मशीनला घालायचा होता. ते येऊन दीड वर्ष झालं, पण त्याला लागणारी थ्री-फेज विजेची जोडणी काही आली नव्हती. मुलाणी सरांनी अकरा पत्रं लिहिली. दर वेळी उत्तर एकच, पत्र पुढे पाठवलं आहे. एकवीस वर्षं लेथ शिकवणाऱ्या या माणसानं ते मशीन नुसतं पुसलं होतं. आता कारखान्यासाठी जागा शोधणारी जर्मन कंपनी इथली कुशल मुलं बघायला येणार, म्हणून आठवडाभर वर्ग बंद ठेवून भिंती रंगवून झाल्या होत्या.

कुणी विचारलंच तर मशीन रोज चालतं, आजच सॉफ्टवेअर बिघडलंय असं सांगा, असं प्राचार्यांनी बजावलं. सर पट्टा ओढत राहिले.

पाहुणे आले. ओवाळणं झालं, भाषणं झाली. पिकल्या केसांचे एक इंजिनिअर सरळ हार घातलेल्या मशीनपाशी गेले आणि दुभाषी मुलीमार्फत त्यांनी विचारलं, मुलं यावर दिवसाला किती तास काम करतात?

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मुलांकडे. तीस मुलं उभी होती आणि तिसांनाही उत्तर ठाऊक होतं. मापात खोटं चालत नाही, हे उद्या यांनाच शिकवायचं होतं.

"एकही नाही," सर म्हणाले. "वीजच जोडलेली नाही. जुन्या लेथवर काय करतात, ते मात्र बघा."

त्यांनी राजेश्वरीला पुढं बोलावलं. लोणंदजवळच्या वस्तीवरून दोन एसट्या बदलून येणारी मुलगी. तिनं कुणाकडे न बघता लोखंडी दांडा लेथच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये, बांधला आणि अर्ध्या तासात कातून दिला. इंजिनिअरनी स्वतःचा मायक्रोमीटर काढून दांड्याची जाडी तीन ठिकाणी मोजली, पुन्हा मोजली, आणि तिचं नाव वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी सरांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. दोन महिन्यांनी कळलं, कारखाना तमिळनाडूत होणार. मुलाण्यानं घालवला, असं सगळी संस्था म्हणू लागली. आपणच घालवला का, असं कधी कधी सरांनाही वाटायचं. मग कंपनीचं पत्र आलं. राजेश्वरीला तिकडे नोकरी होती.

तिला सोडायला ते लोणंद स्टेशनवर गेले. तिची आई राहीबाई खिडकीतून पिशवी आत देऊन सरांकडे वळली.

"सर, ह्यो कारखाना हितंच व्हनार व्हता न्हवं?"

"व्हय."

"मग माजी पोरगी का चाललीया?"

जोडणी, अकरा पत्रं, रंगवलेल्या भिंती, सगळं सरांच्या जिभेवर आलं. यातलं या बाईला काय सांगायचं? संतापानं त्यांचे कान तापले.

गाडी हलली. राहीबाई खिडकीच्या बरोबरीनं चालू लागली. एक चप्पल पायातून निसटली, ते तिला कळलंही नाही. मुलाणी सरांनी वाकून ती उचलली आणि हातात धरून ते तिच्या मागून फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले.