चहानंतरचा ठराव

"तात्या, एकदा नजर टाकता का? उद्याच्या सभेत वाचायचंय."

नवीन मॅडमनी चार छापील पानं टेबलावर ठेवली आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. तात्यांनी मान वर केली नाही. ते टपालावर शिक्के मारत होते, आणि असे आपटून मारत होते की त्या टपालानं त्यांचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे.

"ठेवा. बघतो."

"तुमच्या जुन्या वह्या वाचल्या मी. सगळ्या. तसंच लिहायचा प्रयत्न केलाय."

सगळ्या वाचल्या म्हणे! चुका काढायला, दुसरं काय, तात्या मनात म्हणाले.

शिक्षण मंडळाच्या सभेत कोण काय बोललं आणि शेवटी काय ठरलं, त्याचं इतिवृत्त तात्यांनी सव्वीस वर्षं लिहिलं होतं. म्हणून तर सगळे त्यांना ठरावतात्या म्हणत. कुठल्या शाळेला खोली वाढली, कुठल्या बाईंची बदली अडली, कुठल्या शाळेची घंटा तडकली, सगळं त्यांच्या अक्षरात. आणि निवृत्तीला आठ महिने उरले असताना सभापतींनी त्यांना आवक-जावकच्या टेबलावर नेऊन बसवलं. वही गेली दुसऱ्या खात्यातून आलेल्या या चाळिशीतल्या बाईंच्या हातात. बाई सभेत फोन ठेवायच्या रेकॉर्डिंगला, आणि मग पानं छापून वहीत चिकटवायच्या. पहिल्याच सभेत सभापती सगळ्यांसमोर म्हणाले, "वा! याला म्हणतात काम." सव्वीस वर्षांत तेवढं एक 'वा' तात्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

घरी बायकोनं हसून हसून डोळे पुसले होते. "अहो, या वयात तुम्हाला ऑफिसात सवत आली की!"

"नव्याचे नऊ दिवस," तात्या म्हणाले होते.

"तिसरा महिना लागलाय," बायको म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

तर तात्यांनी पानं पुढे ओढली. पहिलं पान स्वच्छ. दुसरं पान स्वच्छ. तात्यांचा जीव खालीवर होऊ लागला. एक काना, एक मात्रा चुकेल तर शपथ! पण तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. 'शाळा क्रमांक सहा पटसंख्येअभावी पुढील सत्रापासून बंद करावी व तेथील मुले शाळा क्रमांक अकरामध्ये पाठवावीत. सर्वानुमते मंजूर.'

टेबलाभोवती बसून मंजूर तसंच झालं होतं, हे खरं. पण या मंडळाला एक जुनी खोड होती. सभापती "चला, चहा घ्या" म्हणाले की सगळे उठायचे, आणि बसून ठरवलेलं, हातात कप घेऊन, उभ्याउभ्या फिरवायचे. खरा ठराव तोच. म्हणून शेवटची खुर्ची रिकामी होईपर्यंत तात्या वही मिटत नसत.

मागच्या सभेतही तेच झालं होतं. सहा नंबरच्या हेडबाई सकाळपासून दाराशी ताटकळत उभ्या होत्या. चहाला सगळे उठले तशा त्या आत घुसल्या. "साहेब, अडतीस लेकरं आहेत माझी. अकरा नंबर हमरस्त्यापलीकडे. पहिलीतलं पोर एवढ्या ट्रकांतून एकटं कसं जाणार?" सभापतींनी इकडेतिकडे पाहिलं. "बरं, एक वर्ष थांबू. काय हो?" सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडबाई डोळे पुसत, हसत गेल्या. मॅडम तेव्हा कुठे होत्या? 'चहा' म्हटल्याबरोबर फोन बंद करून त्या आपल्या जागेवर गेल्या होत्या. सभेच्या फायली अजून तात्याच ने-आण करायचे; कोपऱ्यात त्या गोळा करताना त्यांनी सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं आणि पोटात ठेवलं होतं. मला तरी कुणी शिकवलं होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

त्यांनी पानं नीट जुळवली आणि मॅडमना परत केली.

"छान आहे. बोट ठेवायला जागा नाही."

"खरंच?" मॅडमचा चेहरा असा खुलला की तात्यांना दुसरीकडे बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तात्या धुवट सदरा घालून आले. सगळं मनात ठरलं होतं. मॅडम वाचणार, सभापती टेबलावर हात आपटणार, मॅडमची बोबडी वळणार, आणि मग कोपऱ्यातून तात्या सावकाश उठणार. उठण्याआधी थोडं खाकरायचं, तेही ठरलं होतं.

मॅडम वाचू लागल्या. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला तात्या खुर्चीच्या कडेवर आले. 'शाळा क्रमांक सहा बंद करावी...' एक सदस्य चष्मा पुसत होते. दोघं फोनमध्ये डोकं घालून बसले होते. सभापती भलत्याच कागदांवर सह्या करत होते.

"इतिवृत्त कायम करायचं?" सभापतींनी मान वर न करता विचारलं.

"कायम, कायम."

"पुढचा विषय घ्या. सहा नंबरचे शिक्षक कुठे द्यायचे?"

तात्या बघतच राहिले. आहे का कुणाचं लक्ष! ज्यानं शब्द दिला त्यालाही आठवेना! आधी त्यांना नुसता राग आला. मग त्या रागातून दुसरंच काहीतरी वर आलं. आज ऐकलं नाही, म्हणजे यांनी कधीच ऐकलं नव्हतं. सव्वीस वर्षं आपण उभं राहून, आवाज चढवून-उतरवून वाचत होतो, आणि हे चष्मे पुसत होते. आपलं लिहिलेलं सबंध वाचणारं माणूस आयुष्यात एकच भेटलं. आणि त्याच माणसाला आपण काल 'छान आहे' म्हणून खड्ड्यात ढकललं!

आता शाळा बंद केल्याचं पत्र निघणार. आपल्याच टेबलावर येणार, जावकचा शिक्का आपणच मारणार, आणि परवा हेडबाई अडतीस पोरांसमोर ते फोडणार.

तात्या उठले. खाकरायचं राहूनच गेलं.

"साहेब, तिसरं पान चुकलंय. सहा नंबर बंद करायची नाही, असं ठरलंय. चहाच्या वेळी. एक वर्ष थांबू, असं तुम्हीच म्हणालात."

सभापतींनी पेन खाली ठेवलं. "अरे हो! म्हणालो होतो खरा." मग भुवया आक्रसून ते मॅडमकडे वळले. "असं कसं हो, मॅडम? तुमच्या भरवशावर आम्ही सह्या करतो!"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. तात्यांनी रात्रभर मनात घोळवलं होतं ते हेच. गोड लागायला हवं होतं. लागलं नाही.

"त्यांना नका बोलू," ते म्हणाले. "चहानंतरही वही उघडी ठेवायची, हे मी त्यांना सांगितलं नाही. काल पानं मला दाखवली होती. चूक दिसली मला. तरी छान आहे म्हणालो."

"अहो, पण का?"

"जळत होतो, साहेब."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडम तात्यांकडे बघत होत्या. तात्या स्वतःच्या चपलांकडे.

"दुरुस्ती करून घ्या," सभापती शेवटी म्हणाले. "सहा नंबर चालू राहील."

चहा झाला, सदस्य एकेक करून गेले. तात्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर तसेच बसून होते. मॅडम समासात हातानं दुरुस्ती लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी वही तात्यांकडे वळवली.

'शाळा क्रमांक सहा एक वर्ष चालू ठेवावी, असे ठरले होते, ही बाब ज्येष्ठ लेखनिकांनी निदर्शनास आणून दिली. त्यावर चर्चा झाली. दुरुस्तीसह इतिवृत्त कायम.'

तात्यांनी ते दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांत लिहिणाऱ्याचा उल्लेख त्या वहीत एकदाही आला नव्हता.

"पुढचं नाही लिहिलंत? मी केलं ते?"

"तुमच्या वह्यांत कुणाचं वाईट लिहिलेलं आहे का कुठे?" मॅडम म्हणाल्या. "सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तरी तुम्ही 'चर्चा झाली' एवढंच लिहायचात. मीही तेच लिहिलं." मग म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही, तात्या."

"जायलाही नको." तात्यांनी वही परत सरकवली. "अक्षर किरटं आहे तुमचं."

"आहे," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पेनला टोपण लावलं, पण वही मिटली नाही. नुसत्या बसून राहिल्या. कशाची वाट बघताहेत, ते तात्यांना आधी कळेना. मग त्यांनी टेबलाभोवती पाहिलं. सदस्यांच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. भरलेली होती ती फक्त त्यांची, कोपऱ्यातली.

तात्या उठले. त्यांनी आपली खुर्ची भिंतीला सरकवली, चष्मा खिशात घातला आणि दाराकडे निघाले. उंबऱ्यापाशी पोचले, तेव्हा मागे वही मिटल्याचा आवाज आला.