इंगेब्रिक्तचा कान

नॉर्वेतल्या हॉर्निन्दालच्या खोऱ्यात कुणाच्याही घरची बिअर पुरती आंबली की नाही, हे सांगण्याचा मान गेली चाळीस वर्षं इंगेब्रिक्तकडे होता. जिभेवर त्याचा विश्वास नव्हता. सकाळी काय खाल्लंय त्यावर जीभ बोलते, असं तो म्हणे. तो पिंपाला कान लावायचा. कढईत काहीतरी तळत असल्यासारखी चरचर ऐकू आली तर थांबायचं. मध्येच एखादा बुडबुडा फुटताना ऐकू आला तर अजून अर्धा दिवस. आणि पिंप गप्प झालं की बिअर लाकडी पिपांत भरून बुचं ठोकायची आणि शेजाऱ्यांना चाखायला यायचे निरोप धाडायचे.

अठ्ठ्याहत्तरावं सरलं तेव्हापासून मात्र त्याची एक तक्रार सुरू झाली होती. लोक हल्ली पुटपुटतात. रेडिओवर बातम्या देणारे पुटपुटतात, चर्चमध्ये पाद्री पुटपुटतो, आणि बायको ओलाउग तर नुसते ओठ हलवते. ओरडून ओरडून ओलाउगचा घसा बसला होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. कान तपासून घे म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती. तेही त्याला अर्थातच ऐकू आलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात शेजारच्या सिव्हर्टच्या मुलीचं, गुन्वोरचं लग्न ठरलं. सिव्हर्टने मंगळवारी संध्याकाळी जुनिपरच्या सुगंधी झुडपाच्या फांद्या उकळून, सातूचा गोड काढा गाळून त्यात घरचं यीस्ट सोडलं आणि गुरुवारी सकाळी इंगेब्रिक्तला बोलावलं. म्हातारा तळघरात उतरला, टोपी काढली, पिंपावर ओणवा झाला आणि डोळे मिटून उभा राहिला. पिंप गप्प होतं. इतकं गप्प पिंप त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"झाली," तो म्हणाला. "भर आजच."

सिव्हर्ट घुटमळला. दीड दिवस म्हणजे फार लवकर, वरचा फेसही अजून बसला नव्हता. त्याने पळीभर चाखून पाहिली.

"काका, अजून गोड लागतेय."

"ओढ तर लागणारच," इंगेब्रिक्त म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोटची पोर सासरी चाललीय."

सिव्हर्टचे डोळे भरून आले. त्यानंतर बिअरचा विषय काढणं त्याला बरं वाटेना. दुपारपर्यंत त्याने तिन्ही पिपं भरली आणि बुचं चांगली हातोड्याने ठोकून बसवली.

शनिवारी कोठारात लांबच लांब टेबलं मांडली होती. जेवणं झाल्यावर नवऱ्या मुलाचे वडील भाषणाला उभे राहिले. ते बर्गनचे, दातांचे डॉक्टर, करड्या सुटातले. पिपं नेमकी त्यांच्या पाठीमागे होती. इंगेब्रिक्तला भाषणातलं अक्षरही कळत नव्हतं. शहरातले लोक जास्तच पुटपुटतात, असं मनाशी म्हणून तो बटाट्याच्या पोळीवर लोणी लावत बसला.

डॉक्टर 'हे दोन परिवार' इथवर आले आणि मधल्या पिपाचं बूच उडालं. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. बूच वाशावर आपटलं, पाठोपाठ फेसाचा खांब छताला भिडला. कुत्रं शेपूट घालून बाहेर पळालं, बायका टेबलाखाली गेल्या, डॉक्टरांनी सूनबाईच्या पाठीमागे आसरा घेतला.

इंगेब्रिक्तने मान वर केली. सगळे खुर्च्यांवरून उठलेले दिसले. म्हणजे भाषण संपलं. तो उभा राहिला, समोरचा बिअरचा रिकामा वाडगा उंच धरला आणि नवरानवरीच्या नावाने खणखणीत आवाजात म्हणाला, "स्कोल."

अख्ख्या कोठारात तो एकटाच ताठ उभा होता. मग छतावरचा फेस त्याच्या टकलावर ठिबकायला लागला. त्याने वर पाहिलं, पिपाकडे पाहिलं, आणि मग लोकांकडे. सगळे त्याच्याचकडे बघत होते. हसत मात्र कुणी नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं.

"आवाज झाला का?" त्याने ओलाउगच्या तोंडाजवळ कान नेऊन विचारलं.

"झाला."

"मोठा?"

"डोंगरापलीकडे गेला असेल."

त्याने वाडगा टेबलावर ठेवला. मग गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने म्हणाला, "मला ऐकू येत नाही. सिव्हर्टची चूक नाही."

उरलेल्या दोन पिपांपाशी जायला कुणी धजेना. इंगेब्रिक्तने ओलं फडकं मागून घेतलं, पिपावर तळहात टेकला. आत थरथर होती, मांजर गुरगुरताना हाताला लागते तशी. बुचावर फडकं दाबून त्याने ते केसाकेसाने सैल केलं. कोपरापर्यंत फेस आला, पण बूच हातातच राहिलं. मग दुसरं. डॉक्टरांनी भिजलेल्या सुटानिशी पहिला वाडगा भरून घेतला आणि अशी गोड बिअर शहरात मिळत नाही, असं जाहीर केलं. मग सगळ्यांनीच घेतली. आंबायचं राहिलं होतं ते रविवारी पाहुण्यांच्या पोटात पुरं झालं.

नोव्हेंबरात इंगेब्रिक्तच्या कानात यंत्र आलं. ओलाउगची चमच्याची खणखण, स्वतःचं चावणं, सगळंच त्याला अंगावर येई. नाताळच्या बिअरसाठी सिव्हर्टने मुद्दाम त्यालाच बोलावलं. त्याने कान लावला आणि मान हलवली. अजून चालू आहे. दुसऱ्या दिवशीही चालूच. फेस केव्हाच खाली बसला होता, गोडवा पार गेला होता, सिव्हर्टचा जीव खालीवर होत होता. पण दुखावलेल्या माणसाला पुन्हा कसं बोलायचं, म्हणून तो गप्प राहिला.

तिसऱ्या दिवशी ओलाउग सोबत आली. ओणव्या नवऱ्याकडे तिने जरा वेळ पाहिलं, मग कोपऱ्यात जाऊन मांस ठेवायच्या जुन्या, घरघरणाऱ्या फ्रीजचं बटण बंद केलं.

"आता?"

इंगेब्रिक्त बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"झाली," तो म्हणाला. "कालच झालीय बहुतेक."

"परवा," सिव्हर्ट हळूच म्हणाला.

"परवा तर परवा," इंगेब्रिक्त म्हणाला, आणि त्याच्या हातातली पळी घेऊन त्याने स्वतः एक घोट चाखला. सिव्हर्ट शेजाऱ्यांना फोन करायला वर गेला.