पडदा चार बोटं उघडा

बावीस वर्षं मी या पाळणाघरात पोरं निजवतेय. माझी पद्धत ठरलेली. जेवण, शी-शू, सतरंज्या, मग पडदे गच्च बंद, की वीस मिनिटांत सगळी ढाराढूर. उगाच नाही नव्या मुली मला 'मावशी, मावशी' करत.

त्या पद्धतीला बिट्टी पुरून उरली. तीन वर्षांची पोर, जन्मापासून ऐकू येत नाही. सकाळभर गुणी, आणि मी पडदे ओढले की असा टाहो फोडायची, की बाकीची चौदा पोरं ताडकन उठून बसायची. मी थोपटलं, कडेवर घेतलं, शेवटी दटावलंसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. "हट्टी आहे कार्टी," मी मोठ्या बाईंना सांगितलं. पाळणाघर त्यांचं. त्यांनी बिट्टीच्या आईला बोलावून सांगितलं, शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर दुसरीकडे सोय करा.

आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. आधीच्या दोन पाळणाघरांनी पोर परत केलेली. आता इथूनही गेली तर नोकरी सोडून घरी बसण्यावाचून इलाज नव्हता. ती खाली मान घालून पोरीचे बूट चढवत राहिली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एकीसाठी चौदा जणांची झोप मोडायची का?

मंगळवारी नवी ताई रुजू झाली. जेमतेम चोविशीची. 'हिला स्वतःचा शेंबूड तरी पुसता येतो का,' असं मी मनात म्हटलंच. त्या दिवशी तिने बिट्टीचं रडणं नुसतं पाहिलं. संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा विचारलं, "घरी कशी झोपते हो ही?"

"दिवा चालू ठेवून," आई म्हणाली. "आणि मी समोर दिसायला हवी. अंधार झाला की तिला वाटतं, सगळे निघून गेले." मग पोरीला कडेवर घेत म्हणाली, "हे आजवर कुणी विचारलंच नाही, ताई."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. अंधारात आपल्याला निदान आवाज तरी असतो. कुणी खोकतं, कुणी कूस बदलतं. त्या लेकराला मी रोज दुपारी एकटं टाकत होते आणि वर तिलाच हट्टी म्हणत होते! माझी मलाच लाज वाटली.

बुधवारी ताईने पडदा चार बोटं उघडा ठेवला. बिट्टीची सतरंजी उजेडात घातली आणि स्वतः तिच्यासमोर बसली.

"बाकीची झोपायची नाहीत हं," मी म्हटलंच. जित्याची खोड.

"बघू या की, मावशी."

ताईने हात छातीवर ठेवला, मग जमिनीवर टेकवला. म्हणजे, मी इथे आहे. ही खूण तिने आईकडून शिकून घेतली होती. बिट्टी रडली, पण निम्मीच. गुरुवारी ताईने ती खूण सगळ्या पोरांना शिकवली. हां हां म्हणता चौदा इवले हात छातीवरून जमिनीवर! बिट्टी त्या दिवशी नुसती मुसमुसली, पण झोपली काही नाही. मी मात्र ताईकडे बघतच राहिले. बावीस वर्षांत मला जे सुचलं नाही, ते या पोरीने एका प्रश्नात केलं.

आणि शुक्रवारी ताई तापाने फणफणली. मोठ्या बाई दारात हाताची घडी घालून उभ्या. मी पडदा चार बोटं उघडला, कुरकुरत्या गुडघ्यांनी बिट्टीसमोर बसले आणि खूण केली. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली, अगदी चूप. पहाटे पाचची उठलेली मी, बसल्या बसल्या माझेच डोळे मिटले.

दचकून जागी झाले. बिट्टी तशीच, माझ्याकडे तोंड करून पडलेली. तिने हात छातीवर ठेवला, मग माझ्या पायाजवळ जमिनीवर टेकवला. आणि डोळे मिटले.

"मावशी," मोठ्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, "तिच्या आईला सांगा, सोमवारीही घेऊन या—"

"शू!" मी त्यांनाच दटावलं. पंधराच्या पंधरा झोपली होती.