मी व्हरांड्यात होतो तेव्हा

माझं पुढचं डावं चाक कुरकुरतं, मित्रांनो, त्यामुळे मी दिसायच्या आधीच ऐकू येतो. मी एक जुना स्ट्रेचर आहे. शहरापासून लांब, एका छोट्या दवाखान्यात, तातडीच्या रुग्णांच्या खोलीत माझी चाकरी.

लोखंडी नळ्या वाकवून, जोडून मला एका कारखान्यात घडवलं. कोरा करकरीत होतो तेव्हा मोठ्या इस्पितळात मिरवलो. तिथे नवे आले आणि माझी रवानगी इकडे झाली. फार वाईट वाटलं होतं. पण इथे पाहतो तर दोन खाटा, एक डॉक्टरीणबाई, एक मोठ्या सिस्टर, दोन मदतनीस आणि ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हरकाका. स्ट्रेचर म्हणाल तर मी एकटाच. आपल्यावाचून जिथे अडतं, तिथे मन रमायला वेळ लागत नाही.

झाडावरून पडलेले, विंचू चावलेले, अडलेल्या बायका, सगळ्यांना मी वाहून नेलं. सिस्टर मला रोज पुसत, चाकांना तेल देत आणि 'आमचे म्हातारबुवा' म्हणून हाक मारत.

मग साथ आली. दारात धापा टाकणारी माणसं येऊ लागली. सिस्टरांचा एक नियम होता. धाप लागलेल्या माणसाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही. उरलासुरला श्वास चालण्यातच संपतो, असं त्या नातेवाइकांना बजावत. त्यामुळे दारापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत माझ्याच खेपा. मदतनीस आजारी पडले. बदली माणसं 'येतो, येतो' म्हणत आलीच नाहीत. वरून फोन मात्र येत, असं करा, तसं करा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? चाकांना तेल द्यायला आता कुणालाच सवड नव्हती.

एका दुपारी शाळेतल्या निवृत्त बाईंना आणलं. ड्रायव्हरकाकांना मुळाक्षरं गिरवायला शिकवलेल्या त्याच या बाई. त्यांना मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरलं. निघताना सिस्टर काकांना म्हणाल्या, "बाईंना जपून न्या. आणि म्हातारबुवांना परत आणा. दुसरा नाहीये आपल्याकडे."

इस्पितळात एकही खाट रिकामी नव्हती. व्हरांड्यात आमच्यासारख्यांची रांगच लागलेली. तिथल्या वॉर्डबॉयने सांगून टाकलं, स्ट्रेचर न्यायचा तर पेशंटला खाली चादरीवर ठेवा. काकांची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर अशी झाली. फरशी ओली होती. बाईंचे डोळे मिटलेले होते, पण बोटांनी माझा दांडा घट्ट धरलेला. ती बोटं सोडवायला काकांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"राहू दे," ते म्हणाले, आणि रिकामी ॲम्ब्युलन्स घेऊन गेले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बाईंना खाट मिळाल्यावर काका मला न्यायला आले, तेव्हा वॉर्डबॉयला सांगताना ऐकलं. सिस्टरांना आधीपासूनच ताप होता. तो त्यांनी अंगावर काढला होता. काका परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, एकाची पट्टी बांधता बांधता त्या भिंतीला टेकल्या. त्यांना शहरात हलवायलाच हवं होतं. चाकांची खुर्ची केव्हाच मोडून अडगळीत गेलेली. डॉक्टरीणबाई आणि काका त्यांना चादरीत घालून उचलायला पुढे झाले, तर सिस्टरांनी हातानेच थांबवलं.

"जवळ येऊ नका. आता तुम्ही दोघंच उरलाय. मी चालते."

ॲम्ब्युलन्स दाराशीच उभी होती. पण बाहेरच्या उतारावर सिस्टर खाली बसल्या आणि तिथेच त्यांचा श्वास थांबला. हे सांगताना काका माझ्या दांड्याला हात लावायला तयार नव्हते. शेवटी वॉर्डबॉयनेच मला आत चढवलं.

बाई मात्र बऱ्या झाल्या. घरी परतताना त्यांनी हट्टाने ॲम्ब्युलन्स आधी दवाखान्याशी थांबवायला लावली. काठी टेकत आत आल्या, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, याच्यामुळेच मी वाचले. मग सिस्टर कुठे आहेत, म्हणून विचारलं. त्यांना भेटायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"रजेवर आहेत, बाई," काका म्हणाले.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "फार दमल्या होत्या. जरा विसावा मिळेल."

मित्रांनो, काकांचं चुकलं का, हे मला विचारू नका. बाईंना ओल्या फरशीवर ठेवायला हवं होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. साथ ओसरल्यावर मोठी माणसं येऊन गेली. माझ्यासोबत फोटो काढले, माझ्या सेवेचं कौतुक केलं. त्या कौतुकाचं मी काय करू? तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी साहेब होईल. तेव्हा एवढंच करा. जिथे एकावरच सगळा भार आहे, तिथे दुसरा पाठवा, आणि साथ येण्याआधी पाठवा. आमच्याकडे तो अजून आलेला नाही.