समोरासमोरची पानं

बायको, शुभदा, गेल्याचं कळलं तेव्हा पद्माकर सिंगापुरात, बिशानच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलांपाशी कॉफीच्या रांगेत उभा होता. २०१४ सालचा मार्च, मंगळवार. फोन लोकिरूचा होता. केनिया आणि युगांडाच्या सीमेवर तो शुभदाबरोबर काम करायचा.

"मामा शुभदा सकाळी चहा पीत होत्या," एवढं बोलून तो थांबला. तिकडे आईला मामा म्हणतात. पद्माकरला पुढचं सांगावं लागलं नाही. तो रांगेतून हलला नाही. कॉफी घेतली, सगळी प्यायला, आणि मग मुलीला, जाईला, फोन केला. याची त्याला पुढे फार लाज वाटली.

शुभदाला सिंगापुरात आणून मंडाईच्या स्मशानात अग्नी दिला. नंतर तिची बॅग आली. तिच्यात वही होती.

सीमेच्या अलीकडे तुर्काना जमात, पलीकडे कारामोजोंग. दोघंही गुरं राखणारे, दोघांच्या विहिरी एकाच कोरड्या नदीपात्रात. एकमेकांची गुरं पळवायची, मग माणसं मारायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. शुभदाने सहा वर्षं खपून ही वही भरली होती. एका पानावर एका माणसाच्या गुरांची खूण: कान कसा कापलाय, डाग कुठे दिलाय. खाली नाव आणि निळा अंगठा.

"विहिरीवर बैठक आहे," लोकिरू म्हणाला. "वहीची प्रत पाठवा. वही पाहिल्याशिवाय कोणी कोणाला पाण्यावर येऊ देणार नाही."

पद्माकरची तीस वर्षं कॉम्प्युटरवर गेली होती. स्कॅनरवर पानं सपाट बसेनात, म्हणून त्याने पातं घेऊन शिवण कापली. मग तुर्काना एका फाइलीत, कारामोजोंग दुसरीत, नावं अनुक्रमाने.

"आईची वही म्हणजे भाजीची पिशवी," तो जाईला म्हणाला. "आता बघ, दोन सेकंदांत सापडतं."

आठवड्याने लोकिरूचा फोन आला. "हे काय पाठवलंत? म्हाताऱ्यांनी आपापल्या फाइलीचे कागद उचलले आणि दोन वेगळ्या झाडांखाली जाऊन बसले. सहा वर्षांत पहिल्यांदाच."

"खुणा तर त्याच आहेत."

"खुणा त्याच. जामीन कुठे गेले? डाव्या पानावर तुर्काना, समोरच्या पानावर कारामोजोंग. एकाची गाय गेली की समोरच्या पानावरचा माणूस आपल्याच लोकांत शिरून ती शोधून आणतो. मामांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. जेवताना, दोनदा तरी. पद्माकरने 'हं' म्हणून आमटी वाढून घेतली होती.

"वहीच पाठवा. तोवर बैठक थांबवतो. पण पाणी आटत चाललंय."

"पाठवतो," पद्माकर म्हणाला. शिवण कापल्याचं बोलला नाही.

पानांवर आकडे नव्हते. कोण कोणासमोर होतं, हे आता नुसती पानं बघून सांगता आलं नसतं. त्याने हॉलभर पानं पसरली. जाई ऑफिसातून आली आणि दारातच थबकली.

"बाबा, कापलीत? असं कोण करतं, ला!" चिडली की तिच्या मराठीत इथला 'ला' यायचा.

"तुझा बाप करतो. पंखा बंद कर आधी."

ती खाली बसली. बऱ्याच वेळाने तिने एक पान उजेडात धरलं. "हे बघा. अंगठा ओला असताना वही मिटली की समोरच्या पानावर उमटतो."

फिकट निळा, उलटा ठसा. मग दोघं शनिवार-रविवार ठसे जुळवत बसली. त्र्याण्णव जोड्यांपैकी ब्याऐंशी लागल्या. बाकीच्या अंगठ्यांची शाई वाळल्यावरच शुभदाने वही मिटली असावी.

सोमवारी पद्माकरने लोकिरूला सगळं खरं सांगितलं. लोकिरू हसला.

"मामा म्हणायच्या, माझा नवरा फ्रिजमधल्या वाट्यासुद्धा उंचीप्रमाणे लावतो."

पद्माकरलाही हसू आलं, महिन्याभरात पहिल्यांदा.

"उरलेल्यांना विचारावं लागेल," लोकिरू म्हणाला. "ते गुरं घेऊन लांब गेलेत. पण वही कुरिअरने नको. तुम्ही घेऊन या. कोणी कापली ते म्हाताऱ्यांना तुम्हीच सांगा. सांगितलंत तर कळेल की मामांनी जोड्या मोडल्या नव्हत्या, आणि ते एका झाडाखाली येतील."

शुभदा दर वर्षी चल म्हणायची. तो पुढच्या वर्षी म्हणायचा.

तिकीट काढून झालं. तिच्याच शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याने, जिथवर पानं जुळली तिथवर, वही बारा तुकड्यांत शिवून झाली. अकरा जोड्या अजून लागायच्या आहेत.