पुढची पट्टी

"थांबा, सेन्सेई. माझं चुकलं."

हॉलच्या मधोमध उत्तराताई धापा टाकत उभ्या होत्या. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायचे कराटेचे हात, आत्ताच संपला होता आणि सेन्सेई, म्हणजे गुरू आणि आजची परीक्षक, हाफिजा 'पास' लिहायला पेनाचं टोपण काढत होती.

"काय चुकला?"

"तिसऱ्या वळणाला डावा पाय आधी टाकला. तुम्ही तेव्हा दाराकडे बघत होतात."

आता काय म्हणावं या बाईला! कुणी विचारलं होतं? गुरुवारचं विमान. नवरा यशोधन रिटायर झालेला, व्हिसा संपत आलेला, सामान पुण्याला रवाना झालेलं. काळा पट्टा मिळायचा तर आजच. चार वर्षं आखातातल्या वादी कबीरमधल्या या गॅरेजवरच्या हॉलमध्ये पंचावन्न वर्षांची बाई गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून घाम गाळत होती, ती काय यासाठी?

पहिल्या दिवसाची गोष्ट तर विचारूच नका. क्लास संपल्यावर हाफिजानं त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं. इथं ज्यानं त्यानं आपल्या रांगेतली फरशी पुसूनच घरी जायचं, ही रीत. उत्तराताई अगदी मनापासून म्हणाल्या, "अहो, कशाला? उद्यापासून आमची कामवाली पाठवते ना! छान पुसते."

रत्नागिरीची हाफिजा शांतपणे म्हणाली, "पाठवा की. पट्टा पन मग तिलाच देईन."

ताई आठ दिवस फुरंगटून घरी बसल्या. नवव्या दिवशी स्वतःच फडकं घेऊन हजर! तेव्हापासून सोळा वर्षांनी लहान हाफिजाला त्या 'अहो सेन्सेई' म्हणू लागल्या. मागच्या रांगेतून पुसत पुसत दुसऱ्या रांगेत, काळ्याच्या आधीच्या तपकिरी पट्ट्यापर्यंत आल्या. फक्त आरशाखालची, फरशीची पुढची पट्टी काळा पट्टा मिळवलेल्यांची. तिथं हाफिजा एकटीच पुसायची.

"मी नाय बघितला," हाफिजा आता हळूच म्हणाली.

"मी बघितलं ना."

हाफिजानं पेनाला टोपण परत लावलं. "खलास. आज नाय मग. पुढची परीक्षा जूनला."

"जूनला मी पुण्यात."

"ठाव हाय मना." तिनं कागद दुमडून ठेवला.

उत्तराताईंना वाईट वाटलं, खूप वाटलं. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि सवयीनं फडकं भिजवायला गेल्या.

तेवढ्यात मत्रहच्या बाजारातून आणलेला हलव्याचा डबा घेऊन यशोधन दारात आले. "काय, झाला ना पट्टा?"

"नापास."

"अरेच्चा! मग या हलव्याचं काय करू?"

"वाटायचा. चांगला आहे ना?" ताई हसल्या आणि नेहमीच्या जागी, दुसऱ्या रांगेत, गुडघे टेकायला लागल्या.

"ताई, तिथं नको." हाफिजा आरशाखाली बसली होती. तिनं अर्धी पट्टी पुसून अर्धी कोरडी ठेवली होती. बादली थोडी बाजूला सारत ती म्हणाली, "ही तुमची. या."

उत्तराताईंनी तपकिरी पट्ट्याची गाठ नीट केली, पुढे जाऊन तिच्याशेजारी बसल्या आणि फडकं घट्ट पिळलं.

दारात यशोधनांनी कुणी न सांगताच बूट काढले.