भास्कररावांची जागा

भास्करराव निमकर भिंतीला रेटून उभे असतानाच वारले आणि वारल्यावरही पडले नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या गणपुल्यांनी हाक मारली, उत्तर आलं नाही, तेव्हा कुठे कळलं. भास्कररावांच्या बायकोनं, कुमुदनं, त्यांचे तळवे भिंतीवरून सोडवले. त्याबरोबर भिंत कण्हली आणि गावाच्या बाजूला थोडी झुकली.

ती भिंत कोणी बांधली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घरटी एक माणूस तिला दोन्ही हातांनी रेटून उभा असे. तिथेच उभ्या उभ्या झोपे, घरचे येऊन घास भरवत. हात काढले तर ती गावावर कोसळेल, एवढं मात्र सगळे जाणून होते. निमकरांची लेक चारू रांगत होती तेव्हा तिचे आजोबा गेले आणि भास्करराव त्यांच्या जागी उभे राहिले. चारूनं वडील पाहिले ते पाठमोरेच.

आता ती नाशिकला नर्सिंग शिकत होती. निरोप मिळताच आली, वडिलांना अग्नी दिला आणि ओल्या केसांनीच भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"तू हो बाजूला," कुमुद म्हणाली. "मी उभी राहते."

"वहिनी, तुम्ही सून," गणपुले म्हणाले. "भिंतीला घरचंच रक्त लागतं."

"उभा जन्म त्यांना घास भरवले मी. अजून घरची झाले नाही?"

"ते मला नका विचारू. मला मानसुद्धा वळवता येत नाही."

"आई, राहू दे," चारू म्हणाली. तिचे दंड आत्ताच थरथरत होते. "कोणीतरी उभं राहायलाच हवं ना?"

"का पण? पलीकडे आहे तरी काय?"

ज्यांचे हात मोकळे होते त्यांना डबे पोचवायचे होते. पलीकडे जाऊन बघायला सवड कोणाला होती?

कुमुद भिंतीच्या कडेकडेनं चालू लागली. ती चालली की भिंत लांबायची. दमून थांबली की भिंतही थांबायची. मग ती न थांबता चालत राहिली. उन्हं कलली तेव्हा एका बाजरीच्या शेतात भिंत संपली. तिथे ती दाराच्या फळीएवढीच जाड होती. कुमुद वळसा घालून पलीकडे गेली आणि त्या बाजूनं चारूच्या जागेकडे मागे फिरली. इकडून वाट चार पावलांचीच निघाली.

पलीकडेही गाव होतं. तिथलीही माणसं रांगेनं भिंत रेटत होती.

"अहो, सोडा!" कुमुद ओरडली. "तिकडून आम्हीच रेटतोय. तुम्ही सोडलंत की आम्हीही सोडू!"

जवळची बाई न वळता म्हणाली, "मग आधी तुम्ही सोडा."

"माझी मुलगी आहे हो तिथे."

"माझी इथे आहे." बाईनं पायाशी नजर टाकली. भिंतीला लागूनच तिचं तान्हं बाळ दुपट्यात झोपलं होतं.

बाईच्या पलीकडे एक म्हातारा उभा होता. त्याचे गुडघे वाकले आणि तो आवाज न करता खाली बसला. भिंत बाळावर झुकू लागली.

"बाई, हात लावा!" बाळाची आई किंचाळली. तू कोण, कुठल्या घरची, असं तिनं विचारलं नाही.

कुमुदनं धावत जाऊन दोन्ही तळवे टेकले. भिंत थांबली. दगड कोमट होता आणि आतून कोणीतरी ढकलत होतं. दोनदा जोर लावायचा, मग दम खायचा, पुन्हा दोनदा. फुगलेलं न्हाणीघराचं दार चारू लहानपणापासून असंच ढकलायची.

"चारू! मी आहे गं!"

भिंतीतून काहीच ऐकू आलं नाही. कुमुदनं हात जरा सैल केले. भिंत लगेच पुढे आली, चुन्याचा तुकडा बाळाच्या गालावर पडला आणि ते रडू लागलं. पलीकडचा जोर वाढला. दोनदा. मग दम. पुन्हा दोनदा.

कुमुदनं मातीत पाय रोवले आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून लेकीला रेटलं.